सालेफाओचा रंग

ब्रिस्बेन, ९ फेब्रुवारी

तालोफा पेनिनाताई,

फोन न करता पत्र लिहितो आहे. सालेफाओत सिग्नल फक्त पाद्रीबुवांच्या अंगणात येतो आणि तिथे बोललेलं रविवारच्या प्रवचनात ऐकायला मिळतं, हे मी एवढ्या वर्षांनीही विसरलेलो नाही.

बातमी चांगली आहे, तेव्हा सावकाश वाच. आमच्या जोखीम मंडळाकडे या वर्षी बेटांवरच्या काही गावांसाठी रस्त्यांचे पैसे आले आहेत. समुद्रकाठापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत, पिकअप चढेल असा रस्ता. मी यादीत सालेफाओचं नाव घातलं. का घातलं ते तुला सांगायला नको. साखरेने आईचा एक पाय नेला, दुसरा नावापुरता ठेवला. बाबांचं थडगं अंगणात आहे म्हणून ती ते घर सोडणार नाही. आणि टेकडीच्या पायवाटेवर आपली डुकरंसुद्धा विचार करून पाऊल टाकतात. पुन्हा लाट आली तर तिला वर कोण आणि कसं नेणार, हा प्रश्न मी इथे वातानुकूलित खोलीत बसून सोडवत असतो. सुटलेला नाही.

आता पद्धत सांगतो. पैसे देण्याआधी मंडळ गावाला रंग देतं. धोका आटोक्यात असेल तर हिरवा. माणसं तयार पण साधनं नाहीत, तर पिवळा. तयारीच नसेल तर लाल. रंग ठरवायला माझे साहेब ब्रेन्टन स्वतः येणार आहेत. देवळाबाहेर घंटा म्हणून टांगलेलं ते जुनं गॅसचं नळकांडं एकसारखं बडवायचं, ते ऐकून लोकांनी टेकडी चढायची, आणि ब्रेन्टन घड्याळ धरून बघणार. माणूस वाईट नाही. त्याला अनिश्चित गोष्टींची भीती वाटते आणि त्या भीतीचा त्याला पगार मिळतो, एवढंच.

एक विनंती. आसोमुआमामांना सांग, खास काही करू नका. गाव रोज असतं तसंच त्याला दिसू दे. आईला यातलं कितपत सांगायचं ते तू ठरव. ती माझं नाव घेऊन सगळ्यांना रस्ता दाखवत फिरेल. म्हणजे बसल्या जागेवरून.

तुझा मावसभाऊ,
एतेउआती

*

सालेफाओ, १८ मार्च

माझ्या कागदी भावा,

"खास काही करू नका" हा तुझा निरोप मी सरदारांच्या सभेत जसाच्या तसा पोचवला.

"पाहुणा येणार?" आसोमुआमामांनी विचारलं.

"येणार."

"परदेशातून?"

"हो."

"आणि खास काही करायचं नाही?" मामांनी बाकीच्या सरदारांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पोराची तब्येत बरी आहे ना तिकडे? जेवतो ना वेळेवर?"

झालं. तुझ्या निरोपाचा निकाल तिथेच लागला. पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे ठरायला तर चर्चासुद्धा लागली नाही. तुझे साहेब टेकडीवर गाव बघायला येणार, आणि गाव अजून धापा टाकत अर्ध्या वाटेत, हे बरं दिसेल का? म्हणून म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि पाद्रीबुवांची खुर्ची आदल्या दिवशीच वर नेली. तुझ्या आईला, म्हणजे आमच्या सुलिआनामावशीला, रग्बीच्या पोरांनी समाजघराच्या दारावर निजवून नेलं. दार म्हणजे खरंच दार, बिजागऱ्यांतून काढलेलं. वाटेत दोनदा तिरकं झालं. मावशी वर पोचेपर्यंत बायबलमधल्या सगळ्या संदेष्ट्यांना नावानिशी हाका मारत होती आणि प्रत्येकाला वेगळी शिवी जोडत होती.

वर आम्ही दगड तापवून उमू लावला. डुक्कर, तारोचे कंद, नारळाच्या दुधातली पालुसामी. महिला समितीने पांढऱ्या टोप्या घातल्या. सकाळी ब्रेन्टनसाहेबांनी घंटा बडवायला सांगितली तेव्हा खाली मोजकीच धडधाकट माणसं ठेवली होती, आणि ती मुद्दाम निवडलेली होती. गाव इतक्या झटपट वर पोचलं की साहेब स्वतः पोचले ते शेवटचे. त्यांना आम्ही शहाळं दिलं, वारा घातला, बसायला बारीक विणीची चटई दिली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, ते कानाला लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, अशी शिस्त मी कुठेच बघितली नाही. मामांनी मान तुकवली. पालुसामी त्यांनी तीनदा घेतली.

शेजारच्या वाईसोसोची माणसं अजून तोंडं पाडून हिंडताहेत, त्यांच्याकडे कुणी आलंच नाही म्हणून.

रस्त्याचं यंत्र कधी येतंय? त्याला कुठे उभं करायचं यावरून इथे आतापासून दोन घराण्यांत बोलणं बंद झालंय.

तुझी पेनिनाताई

*

ब्रिस्बेन, ६ एप्रिल

ताई,

यंत्र येत नाही. सालेफाओला हिरवा रंग मिळाला आहे.

हिरवा म्हणजे काय ते मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. तरी पुन्हा लिहितो, कारण मीही ते पुन्हा वाचलं. धोका आटोक्यात. ज्या गावात एक पाय नसलेली बाईसुद्धा घंटा थांबायच्या आत टेकडीवर बसलेली आढळते, त्या गावाला रस्ता कशाला हवा? हे ब्रेन्टनचं म्हणणं आहे आणि त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. तो इथे सगळ्यांना तुमचे फोटो दाखवतो. त्यात आई झाडाखाली बसून कोंबडीची तंगडी खाते आहे. "हिच्याकडे बघा," तो म्हणाला, "हिला कशाचा धोका?"

मी तिचा मुलगा आहे हे त्याला ठाऊक नाही. तेव्हा सांगितलं असतं तर यादीत नाव मी का घातलं हा वेगळा धोका झाला असता, आणि त्याला आमच्याकडे वेगळा विभाग आहे.

एक वाट उरली आहे. पाहणी खरी झाली नाही अशी शंका मी लेखी घेतली. आधी न कळवता दुसरी पाहणी करावी, हे मान्य झालं आहे. मे महिन्यात केव्हातरी. ताई, मी हे कधी कुणाला लिहीन असं वाटलं नव्हतं, पण या वेळी गावाला जरा हळू चालायला सांग. कोणी अडखळा. कोणी चप्पल विसरून मागे फिरा. कोणाला तरी धाप लागू दे.

आणि उमू लावू नका.

एते

*

सालेफाओ, २९ एप्रिल

एते,

तुझं पत्र सभेत वाचून दाखवलं. मधल्या काही ओळी खाल्ल्या, पण अर्थ पोचला.

"म्हणजे," आसोमुआमामा म्हणाले, "पाहुण्यादेखत नापास व्हायचं."

"थोडंसं," मी म्हटलं.

"वाईसोसोला कळणार?"

"त्यांना पाऊस पडायच्या आधी पाऊस कळतो, मामा."

"मग नाही."

मी म्हटलं, रस्ता हवा असेल तर नापास व्हावं लागेल, त्यांची रीतच तशी आहे. तिथे जो बुडतो आहे असं दिसतं त्यालाच दोर मिळतो. यावर एक सरदार म्हणाले, मग बुडतो आहोत असं पत्र लिहून पाठवा, आम्ही सही करतो. लिहून बुडायला त्यांची हरकत नाही. पाहुण्यासमोर बुडायला आहे.

मग अडखळायचं कोणी यावर चर्चा झाली. कोणी तयार नाही. लंगडा फिलिपो, ज्याला निदान अभिनय करावा लागला नसता, तो म्हणाला की मागच्या वेळी मी चौथा आलो होतो, आता मी मागे राहणार नाही. रग्बीची पोरं म्हणाली, आम्ही हळू पळालो तर अपियाच्या संघात आमची निवड कशी होणार. पाद्रीबुवा म्हणाले, मुद्दाम हळू चालणं हे खोटं बोलण्यासारखं आहे. मागच्या वेळी आदल्या दिवशी वर जाऊन बसणं खोटं नव्हतं का, असं मी विचारणार होते, पण त्यांची खुर्चीही त्यात होती.

शेवटी बायकांच्या बाजूने एक सूचना आली. कोणाची ते विचारू नकोस. साहेबांना विचार, संध्याकाळी सगळी माणसं घरी असतात, तर पाहणी संध्याकाळी का घेऊ नये? सूर्य मावळता मावळता. दिवेलागणीच्या जरा अलीकडे. समजलास ना? सभेला ही वेळ एकदम पसंत पडली. मामा म्हणाले, त्या वेळेला गाव जे करेल त्याची आम्हाला कोणापुढेच लाज वाटायची नाही.

मावशी बरी आहे. तिला दुसऱ्या पाहणीचं सांगितलेलं नाही. उगाच पुन्हा दारावर निजवतात की काय म्हणून घाबरेल.

ताई

*

ब्रिस्बेन, १४ मे

ताई,

मला काहीही समजलेलं नाही. लहानपणी संध्याकाळी घंटा झाली की आपण घरात पळायचो आणि बाबा प्रार्थना म्हणायचे, प्रार्थनेचा 'सा' सुरू झाला की रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही, आणि दिसलंच तर लावालावा नेसलेले राखणदार त्याला दंड करायचे, यातलं मला काही आठवत नाही. हे पत्र कोणाच्या हाती पडलं तर त्याने तशी नोंद घ्यावी.

ब्रेन्टनला संध्याकाळची वेळ फार आवडली. लोक घरी असतात हे त्याला एकदम शास्त्रीय वाटलं. तारीख गुप्त आहे, म्हणून मी ती फक्त पाद्रीबुवांना फोनवर कळवली. वीस तारीख.

आता नीट वाच, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मी काल नियमावलीचा मागचा भाग वाचला. तो आधी वाचायला हवा होता. आपल्याला लाल रंग नको आहे. लाल गाव आमच्या विभागाकडे राहत नाही, ते दुसऱ्या विभागाकडे जातं आणि तो विभाग रस्ते बांधत नाही. तो गावं हलवतो. जिथे माणसं स्वतःहून निघतच नाहीत तिथे पैसे घालणं वाया आहे, असं त्यांचं मत आहे. मग ते नकाशे घेऊन येतात, जागा दाखवतात, घरं बांधतात. थडगी त्यांच्या हिशेबात बसत नाहीत. आई कुठे जाणार नाही हे तुला माहीत आहे. सगळं गाव हललं आणि ती एकटी थडग्याशेजारी राहिली, तर मी काय करणार?

तेव्हा पिवळा हवा. काही माणसं तरी निघायला हवीत. अर्धी, पाव, जमतील तेवढी. सगळ्यांनी बसून राहू नका. ताई, कृपा करून काहीजणांना उठव.

एते

*

सालेफाओ, २२ मे

एते,

परवा जे झालं ते मी मरेपर्यंत सांगत राहीन.

तुझे साहेब गाडी वाईसोसोच्या वळणावर लपवून चालत आले. आल्याचं कोणाला कळू नये म्हणून निळी टोपी घातली होती. गावातली सगळी पोरं भिंतींमागून त्या टोपीला नमस्कार करत होती. सूर्य टेकायच्या बेताला होता. देवळाचा सेवक लोखंडी कांब घेऊन नळकांड्याकडे निघाला होता, तेवढ्यात साहेबांनी त्याच्या हातातली कांब घेतली आणि स्वतः बडवायला लागले. सेवकाने त्यांचे आभार मानले. त्याचा खांदा दुखतो.

सा सुरू झाला. सगळी घरं बसली. घंटा थांबेना, घर हलेना. साहेब जेवढ्या जोरात बडवत होते तेवढ्या जोरात पाद्रीबुवांनी स्तोत्र वर चढवलं. एकसारखी घंटा म्हणजे लाट, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. पण राखणदार रस्त्यावर उभे, आणि पहिल्यांदा उठणार कोण? मी डोळ्यांच्या फटीतून बघत होते. आसोमुआमामा शेजारच्या घरात असे बसले होते की त्यांच्याकडे बघून नाणं पाडावं.

मग साहेब कांब टाकून रस्त्यावर धावले. "लाट," ओरडत होते, "लाट आली, निघा." एवढंच त्यांना आपल्या भाषेत येतं असं दिसतं, आणि बरोबर येतं. दोन राखणदारांनी त्यांना खांद्यांना धरून हळूच रस्त्यावर खाली बसवलं. एकजण तोंडावर बोट ठेवून त्यांच्या शेजारीच मांडी घालून बसला. प्रार्थना संपल्यावर त्यांना दंड सांगितला. एक मोठं डुक्कर आणि डबाबंद माशांची पेटी. साहेब म्हणाले, पावती मिळेल का?

म्हणजे बघ, तुला हवं होतं त्याहून चांगलं झालं. सगळं गाव बसून होतं. एक माणूस हललं नाही. आणि मान खाली घालायची वेळ कोणावर आली नाही. नापास झालो ते देवाच्या साक्षीने.

मावशी बरी आहे. झोपली आहे.

पेनिना

ता. क. हे पाकीट चिकटवणार तेवढ्यात तुझं चौदा तारखेचं पत्र आलं. वाचलं. पुन्हा वाचलं. आता याला काय करायचं ते मला सुचत नाही. मामांना अजून सांगितलेलं नाही. ते आजही हसताहेत.

*

ब्रिस्बेन, १० जून

पेनिनाताई,

सालेफाओला पिवळा रंग मिळाला. रस्ता मंजूर झाला आहे. यंत्र सप्टेंबरात येईल. ते कुठे उभं करायचं त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पिवळा कसा मिळाला ते मी ब्रेन्टनला विचारलं. कॅन्टीनमध्ये त्याच्याच टेबलावर जाऊन बसलो. आधी तो दंडाबद्दल बोलला. डुकराचा खर्च कोणत्या खात्यात घालायचा यावर इथे तीन बैठका झाल्या. शेवटी 'समाजसंपर्क' या सदरात घातला.

मग म्हणाला, "मी लालच देणार होतो. सगळं गाव बसून. पण त्यांनी मला सोडल्यावर मी टेकडीच्या वाटेने वर गेलो, उगाचच, चढ बघायला. आणि वाटेत एक बाई होती."

मी म्हटलं, "कसली बाई?"

"म्हातारी. हातांवर चालली होती. बसल्या बसल्या, मागे सरकत सरकत. पहिल्या चढावर नीरफणसाचं झाड आहे तिथवर पोचली होती. मी मदत करू म्हटलं तर माझ्या हातावर फटका मारला. एक माणूस स्वतःहून निघालं की नियमाने तो प्रतिसाद धरावाच लागतो. पिवळा द्यावाच लागला." मग तो म्हणाला, "कोंबडीवाली बाई होती का ती? फोटोतली? मला अंधारात नीट दिसलं नाही."

मी म्हटलं, मला माहीत नाही.

तू लिहिलं होतंस, एक माणूस हललं नाही. आणि मावशी झोपली आहे.

मला उत्तर हवं आहे. विनोद नको.

एतेउआती

*

सालेफाओ, २५ जून

एते,

तीच होती.

तिला सांगितलं नव्हतं, हे मी तुला लिहिलं होतं. घाबरेल म्हणून, असं लिहिलं होतं. ते पूर्ण खरं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. घंटा वाजली तरी ती कुठे जाणार आहे, असं मला वाटलं. मी माझ्या घरी प्रार्थनेला बसले होते आणि डोळ्यांच्या फटीतून मामांकडे बघून हसू आवरत होते. तेव्हा ती मागच्या बाजूने ओट्यावरून उतरली होती. उतरली म्हणजे पडली असणार. मनगट सुजलं होतं, तळहात सोललेले होते. राखणदार सगळे पुढच्या रस्त्यावर होते. मागच्या वाटेवर कोणी नव्हतं.

सा संपल्यावर मी जेवण घेऊन गेले तर चटई रिकामी. शोधत टेकडीच्या वाटेवर गेले तर तुझे साहेबच तिच्यापाशी उभे होते आणि हाका मारत होते. तिला खाली आणताना ती एवढंच म्हणाली, "बाकीचे पोचले का?"

मी तिचे तळहात धुवायला घेतले.

तुला कळवलं नाही, कारण तू तिथे बसून काय करणार होतास. हेही पूर्ण खरं नाही. मला लाज वाटली. मनगट मोडलेलं नाही, डॉक्टरांना दाखवलं.

आता पुढचं ऐक, कारण इथे गोष्ट संपली नाही. मनगट जरा बरं झाल्यावर तिने फिलिपोला ढकलगाडी आणायला लावली आणि सरदारांच्या सभेच्या दाराशी जाऊन बसली. सभा चालू होती. आत पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच बोलली.

"माझा दंड किती?"

"कसला दंड, अक्का?" आसोमुआमामा म्हणाले.

"मी सा मोडला. प्रार्थना चालू असताना वाटेवर होते. त्या परक्या माणसाला दंड केलात तो त्यामुळेच ना?"

"तुला कोण दंड करणार?"

"का? मी गावात राहत नाही?"

"तू घाबरलीस अक्का, तो वेगळा विषय."

"मी घाबरले नव्हते. घंटा वाजली म्हणून निघाले. तुम्हाला ऐकू आली नव्हती का?"

तुला माहीत आहे, सालेफाओत बहिणीचा शब्द भाऊ खाली पडू देत नाही, मग तो सरदार का असेना. पण इथे कोणता शब्द झेलायचा तेच कळेना. दंड केला तर जीव वाचवायला निघणं हा गुन्हा आहे असं ठरतं. नाही केला तर साहेबांचं डुक्कर परत द्यावं लागतं, आणि ते तोपर्यंत पाद्रीबुवांच्या भाचीच्या लग्नात खाऊन झालं होतं.

"तुम्ही ठरवा," मावशी म्हणाली. "मला घाई नाही. मी बसते." आणि बसली. उन्हात. मामांनी आपली छत्री पाठवली ती परत केली.

जेवणाच्या वेळेपर्यंत ठरलं. यापुढे सा चालू असताना एकसारखी घंटा झाली तर सगळ्यांत आधी राखणदारांनी हलायचं. त्यांनी पहिल्यांदा सुलिआनाच्या घरी जायचं, तिला उचलायचं आणि मग सगळ्या गावाने उठायचं. जो बसून राहील त्याला दंड. पाद्रीबुवांनी दोन दिवस विचार केला आणि देवालाही हे मान्य असावं असं सांगितलं. साहेबांना डुकराऐवजी माझ्या हातची चटई पाठवते आहे. तुझ्या मंडळात तिला कोणतं खातं आहे ते बघ.

मामा आता हसत नाहीत. परवा मला म्हणाले, मी रस्त्याकडे तोंड करून बसलो होतो, पेनिना, आणि ती माझ्या मागून गेली.

रागाव. मी वाट बघते.

ताई

*

सालेफाओ, ३ नोव्हेंबर

बाळ एते,

हे पत्र मी सांगते आहे आणि पेनिना लिहिते आहे. जे तिला आवडणार नाही ते ती गाळेल, म्हणून लिहून झाल्यावर मी फिलिपोकडून वाचून घेणार आहे.

रस्ता झाला. चांगला झाला. वाईसोसोची माणसं रविवारी कपडे करून तो बघायला येतात. तुझं मंडळ काय काम करतं ते मला अजून कळलेलं नाही. पेनिना म्हणते आधी तुम्ही आम्हाला हिरवं ठरवलंत, मग पिवळं. मी या गावात जन्मले, मला रंग कोणी विचारला नाही.

तू रागावला आहेस असं कळलं. पेनिनावर रागावू नकोस. तिने मला सांगितलं असतं तर मी बसून राहिले असते आणि तुला रस्ता मिळाला नसता. तुझ्यावर मी रागावले होते, पण ते वेगळ्या गोष्टीसाठी. तुझ्या साहेबाला तू माझा मुलगा आहेस हे सांगितलं नाहीस. आता सांग. मी त्याच्या हातावर मारलं होतं, त्याला निदान कोणी मारलं ते कळू दे.

मी का निघाले असं सगळे विचारतात. आसोमुआ तर रोज येऊन विचारतो आणि उत्तर न ऐकता जातो. त्यात विचारण्यासारखं काही नाही. त्या वर्षी जमीन हलली तेव्हा सकाळ होती. कोणीतरी ओरडत गेलं, निघा म्हणून. मी उठले. मला तेव्हा दोन पाय होते. तुझे बाबा बसून होते. म्हणाले, "तू हो पुढे, कोको नुकताच ओतलाय. एवढा संपवून येतो." फार कडक करायचे ते, आणि गरमच प्यायला आवडायचा. मी थोडी पुढे गेले आणि थांबले, येतात का बघायला. मग आणखी पुढे गेले.

एवढंच आहे. ते घाबरट नव्हते आणि मूर्खही नव्हते. त्यांना वाटलं, वेळ आहे.

काल रस्त्यावरून पहिल्यांदा पाहणी झाली. खरी, पाहुण्यांशिवाय. राखणदार पोरं आली आणि मला पिकअपमध्ये घातलं. मग अर्ध्या गावाने त्याच पिकअपमध्ये चढायचा प्रयत्न केला. पाद्रीबुवांची खुर्चीही आली. मला ते वाहन आवडलं नाही. धूर सोडतं, आणि ड्रायव्हर वाटेत मुलींना बघतो. पण चढलं.

वर आम्ही एक चूल मांडून ठेवली आहे. तू उमू नको म्हणाला होतास, चूल नको म्हणाला नव्हतास. कोकोची पूड, साखर आणि भांडं पत्र्याच्या डब्यात ठेवलंय, डबा चढावरच्या त्या नीरफणसाच्या फांदीला बांधलाय, वर जाताना घेता येईल. मला साखर मना आहे हे ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी आहे. मी खाली आता कोको पीत नाही.

तू डिसेंबरात येणार असं पेनिना म्हणते. बंदरावरून सरळ वर ये. बॅगा मागाहून आणता येतील.

आई

(सगळं लिहिलं आहे. फिलिपोने वाचून बघितलं. पेनिना)